बारा घरांचं कार्ड : २०२४ च्या वाचनवर्षाच्या नोंदी

३० डिसेंबर २०२३, शनिवार

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक. सातांपैकी चार हजर, म्हणजे कोरम झाला. 'लहानथोर सगळ्यांसाठी वर्षभराचा वाचन उपक्रम' असा ठराव मांडला. उपक्रमाला कुणाचा विरोध नव्हता, गटांवरून मात्र पाऊण तास गेला. अध्यक्षांचं म्हणणं, बालगट, कुमारगट, खुला गट, ज्येष्ठ असे चार गट करा आणि प्रत्येकी तीन बक्षिसं ठेवा. त्यांची हयात शाळेत गेली, त्यांना गटांशिवाय स्पर्धा दिसत नाही. मी म्हटलं, सगळ्यांना एकच कार्ड, त्यावर पुस्तकांच्या बारा प्रकारांची बारा घरं. पाच वर्षांच्या पोराला जे, तेच ऐंशीच्या आजोबांना. गट पाडले की मुलं एकमेकांशी शर्यत लावतात आणि म्हातारी माणसं घरी बसतात. बक्षीसही नको, घर भरलं की शिक्का.

कार्यवाह म्हणाले, "शिक्क्यासाठी कोण येणार?" खजिनदारांना मात्र बारा बक्षिसांचा खर्च वाचताना दिसला, त्यांनी लगेच अनुमोदन दिलं. ठराव मंजूर.

२ जानेवारी २०२४, मंगळवार

कार्डाचा मजकूर पक्का केला. पिवळ्या कार्डशीटवर झेरॉक्स, एका ए-फोरमध्ये दोन कार्डं. शंभर कार्डं काढली. आमचं 'क' वर्गाचं वाचनालय, दाखल रजिस्टरात साडेचार हजार पुस्तकं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातलं हमरस्त्यापासून आत असलेलं गाव. शंभर म्हणजे जास्तच झाली असं झेरॉक्सवालासुद्धा म्हणाला.

घरं बारा. चरित्र, कविता, नाटक, अनुवाद, विज्ञान, प्रवास, आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचं, तुमच्या जन्मसाली छापलेलं, विसरलेलं पुस्तक, दिवाळी अंक, कुणाला तरी वाचून दाखवलेलं, आणि बारावं मर्जीचं.

'विसरलेलं पुस्तक' हे माझं लाडकं घर. पुस्तकाच्या शेवटी डकवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर ते विसरलेलं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. ग्रंथपालनाच्या परीक्षेत मी पाचही बिनचूक लिहिले होते. कपाट क्रमांक चार उघडलं की तिसऱ्याचे मार्क परत करावेसे वाटतात.

या वहीत वाचकांची नावं लिहायची नाहीत, कार्ड नंबर लिहायचा. गाव लहान आहे आणि वही टेबलावरच पडलेली असते.

७ जानेवारी, रविवार

पहिल्याच दिवशी ३१ कार्डं. सर्वांत लहान कार्ड ९, वय पाच, अजून जोडाक्षरांना अडतो. सर्वांत मोठे कार्ड २२, पोस्टातून निवृत्त, जन्म १९४४.

आणि इथेच जन्मसालाच्या घराचं पितळ उघडं पडलं. १९४४ ते १९५० या सालांतली मिळून आमच्याकडे तीन पुस्तकं. त्यावर हक्क सांगणारे सहा ज्येष्ठ. उलट २०१२-१३ च्या पोरांसाठी त्या साली छापलेलं कपाटात दिसतं ते बहुतेक स्पर्धा परीक्षांचं. दुरुस्ती: जन्मसालाचं मिळालं नाही तर लग्नाच्या सालाचं चालेल, मुलांसाठी आईवडिलांच्या लग्नाचं. संध्याकाळी तीन मुली "आमच्या आईचं लग्न कधी झालं ते विचारून येतो" म्हणून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

कार्ड १४, सहावीतला, सड्यावरच्या वाडीतला. तेरा दिवसांत अकरा पुस्तकं नेली आणि आणली. सगळी सोळा पानांची, पिन मारलेली. एकातली गोष्ट विचारली. शांतपणे म्हणाला, "बाई, शेवटचं पान वाचलं. बाकीचं कळतंच."

अध्यक्षांनी सुचवलं, किमान शंभर पानांची अट घाला. नाही म्हटलं. तसं केलं तर कार्ड ९ ने काय करायचं, आणि कवितेचं घर तर सगळ्यांचंच कोरं राहील. त्याऐवजी नियम केला, महिन्याला जास्तीत जास्त दोन शिक्के. कार्ड १४ ची आठ घरं भरली होती, त्यांतली सहा त्याच्यासमोर खोडली. तोंडातून शब्द काढला नाही. (मागाहून लिहिते: पुढचे तीन महिने फिरकलाही नाही.) पोराला चारचौघांत खोडायला नको होतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मराठी भाषा गौरव दिन. व्हरांड्यात सतरंजी टाकली, ज्याला जी कविता वाटेल ती त्याने वाचायची. भाषण कुणाचंच नाही, हार नाही, दीपप्रज्वलनाची समई आणायला अध्यक्ष विसरले हे देवाच्या कृपेनं. कवितेच्या घरात एका संध्याकाळी १२ शिक्के.

१९ मार्च, मंगळवार

दहावीची परीक्षा, त्यात शिमगा तोंडावर. देवघेव शून्य. कपाट चार पुसलं.

१४ एप्रिल, रविवार

आंबेडकर जयंती. मिरवणुकीआधी बौद्धवाडीतले पाचजण आले, सगळ्यांना चरित्राचं घर भरायचं. कार्ड ४१ ने प्रश्न टाकला, बाबासाहेबांचं पुस्तक 'आपल्या जिल्ह्यातल्या लेखका'च्या घरात चालेल की नाही? जन्म महूचा, पण मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे आणि बालपणाची काही वर्षं दापोलीत. कार्ड २२ म्हणाले, जन्म जिथला जिल्हा तिथला, नियम म्हणजे नियम. कार्ड ४१ म्हणाला, "काका, तुमचा जन्म परळचा. मग तुम्ही मुंबईचे, हे कार्ड परत करा." हशा. निर्णय: मूळ गाव धरायचं.

या निमित्ताने भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावून टाचण्या टोचल्या. मालगुंडला केशवसुत, पालगडला साने गुरुजी, मुरुडला महर्षी कर्वे, आंबडव्याला बाबासाहेब. दापोली-मंडणगडकडे टाचण्यांची गर्दी, लांजा कोरा. कार्ड २२ यांना ते लागलं. त्यांनी स्वतःच लिहायला घेतो अशी धमकी दिली आहे.

२१ एप्रिल, रविवार

कार्ड १४ परत आला, सोबत आजी. आजी पहिल्यांदाच वाचनालयाच्या पायऱ्या चढल्या. चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन कपाटांना नमस्कार केला. पोराला 'वाचून दाखवलेलं' हे घर भरायचं होतं. आजींना वाचता येत नाही. पोरगा तसं मला हळू आवाजात सांगत होता तर आजीच मोठ्यानं म्हणाल्या, "हळू काय सांगतोस, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

'श्यामची आई' दिलं. त्याच्या आमच्याकडे पाच प्रती आहेत. गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षं २०१० अखेर संपली आणि पुस्तक सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून स्वस्त आवृत्त्या मिळतात. मी मात्र त्यांना जुनी, पुठ्ठा बांधणीची प्रत दिली, कारण तिचा टाइप मोठा. पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, रोज एक रात्र वाचा, असं सांगितलं. आजींनी विचारलं, "रात्री किती?" बेचाळीस. "बरं," म्हणाल्या.

७ मे, मंगळवार

मतदान. बंद.

१९ मे, रविवार

आंबा. माणसं बागेत, उरलेली पेट्या भरायला. कार्ड ९ तेवढा येऊन गेला. 'प्रवास' या घरासाठी एसटीचं वेळापत्रक चालेल का, विचारत होता. चालेल म्हटलं. अख्खं वाचून दाखवलं, 'राजापूर' म्हणताना घामाघूम झाला.

४ जून, मंगळवार

लोकसभेचा निकाल. गाव टीव्हीसमोर. दुपारी एकटीच बसले होते, तर आजी आल्या, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. मागे कार्ड १४, तोंड पाडून. तो परवाच येऊन पुस्तक संपलं म्हणून सांगून गेला होता आणि मी शिक्काही मारला होता.

आजींनी डबा टेबलावर उपडा केला. काजूच्या बिया. रोज वाचून झालं की एक बी डब्यात टाकायची, हा त्यांचा हिशेब. "मोज," म्हणाल्या. मोजल्या. चाळीस.

"तू बेचाळीस सांगितल्यास. दोन रात्री कुठं गेल्या?"

मी पोराकडे बघितलं. शेवटचं पान वाचणारा पोरगा. माझ्या मनात काय आलं ते लिहायची गरज नाही, तोंडावर दिसलंच असणार. "खरं सांग," म्हटलं. त्यानं पुस्तक पुढे केलं आणि मधलं पान उघडून धरलं. सतरावी रात्र अर्ध्यावर तुटलेली, आणि समोरचं पान थेट विसाव्या रात्रीच्या मधलं. अख्खा फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठाच, गायब. शिलाई घट्ट होती, म्हणजे पानं फाटलेली नव्हती, बांधणीच्या वेळीच गळलेली. आमच्या प्रतीत अठरावी आणि एकोणिसावी रात्र नव्हतीच.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणाल मीच फाडली. दंड लावाल."

यावर मला उत्तर नव्हतं. लावलाच असता.

आजी म्हणाल्या, "पण सतराव्या रात्रीचा शेवट होता की. विसाव्याची सुरुवात पण होती. जरा अडखळत होता एवढंच." पोरगा खाली बघत राहिला. तुटलेल्या रात्रीला शेवट आणि बिनडोक्याच्या रात्रीला सुरुवात त्यानं स्वतः जोडून दिली होती, दिव्याखाली, कोऱ्या जागेकडे बघत, जणू छापलेलंच आहे. काय जोडलंस विचारलं तर सांगेना.

दुसरी प्रत काढून अठरावी रात्र मीच वाचली, 'अळणी भाजी'. भाजीत मीठ राहिलं तरी वडील मुकाट्यानं जेवून उठतात. एकोणिसावी पोरानं वाचली. आजींनी दोन बिया कनवटीतून काढल्या, बरोबर घेऊनच आल्या होत्या. बेचाळीस झाल्या. मग म्हणाल्या, सातव्या रात्री त्या पोरानं पत्रावळ लावायला कुरकुर केली होती ना, ती ऐकून मी याला पत्रावळ लावायला शिकवली, चोयांनी. "ह्याचे टाके अजून लांब पडतात."

पोराचे जानेवारीत खोडलेले शिक्के परत देता येत नाहीत, नियम झालाय. 'मर्जीचं' या घरावर मात्र एक मारला.

५ जून, बुधवार

बांधणीवरून आलेली ६२ पुस्तकं कपाटातून काढून पानं मोजली. आणखी चार सदोष: दोघांत फर्मा उलटा, एकात तीच सोळा पानं दोनदा, एकात सूची नाही. बाइंडरला दोष देऊन भागणार नाही. पुस्तक परत आल्यावर पानं तपासून घेणं माझं काम, आणि ते मी केलं नव्हतं. 'पाने तपासली' असा रबरी शिक्का करायला टाकला.

९ जून, रविवार

मासिक बैठक. माझा प्रस्ताव: ऐकलेलंही वाचलेलंच धरायचं, आजींना कार्ड द्यायचं. कार्यवाह म्हणाले, उपक्रमाचं नाव वाचन आहे, श्रवण नाही. मी विचारलं, श्रावणात तुमच्याकडे पोथी लागते, ती कोण वाचतं? थोरले बंधू. आणि घरातले सगळे काय म्हणतात, 'आमची पोथी वाचून झाली' की 'ऐकून झाली'? अध्यक्ष हसले. मंजूर.

कार्ड ५८ आजींना दिलं. नोंदवहीत सहीच्या जागी अंगठा घ्यायला मी स्टॅम्प पॅड पुढे केलं, तर हात मागे घेतला. "अंगठा रेशनवर देते. इथं शिक्का मार." सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

१८ जुलै, गुरुवार

आठवडाभर पाऊस. भाताच्या लावण्या चालू, येतं कोण? कौलं सरकली आणि चरित्राच्या कपाटावर धार. अकरा पुस्तकं भिजली. पानांत वर्तमानपत्राचे कागद घालून दर तासाला बदलायचे, पंखा चालू ठेवायचा, उन्हात ठेवायची नाहीत (ऊन आहे कुठे म्हणा). साध्या कागदाची नऊ वाचली. गुळगुळीत कागदाची दोन वाळल्यावर पानाला पान चिकटून वीट झाली, त्यांचं निर्लेखन, म्हणजे ती रजिस्टरातून कमी केली. कपाटांत वेखंड आणि डांबरगोळ्या ठेवल्या. कसर काही ऐकत नाही.

वीज नाही, वाटेला पाणी, म्हणून विचारणा: मोबाइलवर वाचलेलं चालेल का? बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, ते मुलांना आधीच डाउनलोड करून दिले. कार्ड ३३ ची आई रात्री फोन करून म्हणाली, बाई, आता हा 'किशोर वाचतोय' सांगून दिवसभर मोबाइल घेऊन बसतो, काय करू? गोष्ट विचारा, म्हटलं. हा धडा मी जानेवारीत घेतलाय.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काल १२ ऑगस्ट, डॉ. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. आणि सोमवार, म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. योग्यच साजरा झाला.

आतापर्यंत ६७ कार्डं, १८८ शिक्के. सर्वांत रिकामं घर नाटक. मुलं म्हणतात, नुसतं वाचायला मजा नाही. मग वाचू नका, भूमिका वाटून घ्या, असं सांगितलंय. 'विसरलेलं पुस्तक' मात्र जोरात, ५२. काही जण पुस्तक न बघता आधी मागची चिठ्ठी बघतात. कार्ड ४१ ला १९८७ चा शिक्का असलेलं शेतीचं पुस्तक मिळालं. त्याच्या आधी ते नेणाऱ्याची सही त्याच्या आजोबांची निघाली. पुस्तक दोनदा मुदतवाढ घेऊन ठेवलंय, अजून आणलं नाही. मागितलं नाही मीही.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी आल्या. वाचनालय बंदच, पण ही नोंद हवी. कार्ड ७१, मुंबईचा, चाकरमान्यांबरोबर आलेला, इंग्रजी माध्यमातला, चौथी. मराठी अक्षर अक्षर लावून वाचतो. 'वाचून दाखवलेलं' हे घर त्यानं आरती संग्रहावर भरलं. सगळी वाडी डोळे मिटून पाठ म्हणत होती आणि हा एकटा छापील पुस्तकात बोट ठेवून. मध्येच थांबून म्हणाला, "इथे 'फळीवर वंदना' नाहीये. 'फणिवरबंधना' आहे." टाळ थांबले. पुस्तक हातोहात फिरलं. पुढच्या ओळीला त्याचं बोट पुन्हा अडलं, संकष्टी नाही, 'संकटी पावावे'. भजनीबुवा चाळीस वर्षं आरती धरतात, ते म्हणाले, "छापताना चुकलं असेल." तरी काल रात्री दोनतीन जण 'फणिवर' म्हणताना ऐकू आले. बुवा अजून फळीवरच.

शिक्का घरी जाऊन मारला. शिक्का पर्समध्येच ठेवते हल्ली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रात्री बातमी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. अध्यक्षांचा फोन, पेढे वाटूया. पेढ्यांच्या पैशात शब्दकोशाची बांधणी होते, असं मी म्हणाले. ते म्हणाले, दोन्ही करू. पेढे झाले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलामांची जयंती. कार्यवाहांनी हौसेनं मोठा फ्लेक्स केला होता, त्यावर कलाम लहान आणि स्थानिक नेते मोठे. दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, चार वाजता फ्लेक्स उतरवला. पाठची पांढरी बाजू चांगली आहे, त्यावर मुलांनी नाटकाचा पडदा रंगवला. नाटकाच्या घरात एकदम नऊ शिक्के. यातला एक कार्ड ५८ चा, आजी पहिल्या रांगेत होत्या.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नोव्हेंबरात वाचनालयाला दुसरं काम नाही. २४ अंक घेतले, वाचक ७० च्या वर, एका अंकाला चार दिवस. हे घर आपोआप भरतं, त्यात माझं कौतुक नाही. ज्योतिषाचे अंक घराला चालतील का, हा वाद मी न ऐकल्यासारखं केलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, आज सव्वाशे वर्षं. ज्याला जी रात्र आवडली ती त्याने वाचायची. कार्ड १४ उठला आणि सतरावी घेतली, नव्या, पूर्ण प्रतीतून. शेवट वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "माझा वेगळा होता." सांग म्हटलं तर आजींकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "तो माझ्यापाशी आहे."

३१ डिसेंबर, मंगळवार

कार्डं ८९. शिक्के ४१६. बाराही घरं भरलेली कार्डं फक्त ७: तीन ज्येष्ठ, दोन गृहिणी, एक कॉलेजची मुलगी आणि कार्ड ९, जो आता सहाचा आहे. कार्ड १४ ची दहा. कार्ड ५८ ची पाच.

अध्यक्ष म्हणाले, पुढल्या वर्षी तरी गट करू. खजिनदार नाही म्हणाले.

उरलेली कामं: दहा कार्डं परत यायची आहेत, त्यांतली चार मुंबईत. शेतीचं पुस्तक कार्ड ४१ कडेच. सदोष 'श्यामची आई' रद्द न करता वेगळी ठेवली आहे. गळलेली पानं दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स करून चिकटवायची, पण मध्ये चार कोरी पानं घालायला बाइंडरला सांगितलंय. तो विचारत होता, कोरी कशाला? कार्यवाहांना अजून सांगितलेलं नाही. नवं स्टॅम्प पॅड हवं, जांभळी शाई.